उद्गारचिन्ह

२०१८च्या मार्चमध्ये गुरुजी एक सीडी घेऊन प्रेसमध्ये आले. कागदी पाकिटावर निळ्या शाईत ‘ओव्या, अंतिम’ असं लिहिलेलं होतं आणि ते अक्षर माझ्या सासऱ्यांचं होतं. सतरा वर्षांपूर्वी गुरुजींचं जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक आमच्याच छापखान्यात निघालं होतं. बार्शी, भूम, परांडा या पट्ट्यात सायकलवर फिरून, ओसरीवर बसून त्यांनी त्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. गाणाऱ्या बहुतेक बायका आता हयात नाहीत. पुस्तकाच्या प्रतीही संपल्या.

“सूनबाई, दुसरी आवृत्ती काढू या,” गुरुजी म्हणाले. “टायपिंग तर झालेलंच आहे.”

टायपिंग झालेलं होतं हे खरं. पण फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं, टोप्या आणि चलनांच्या खुणा यांचा नुसता काला. एक शब्द वाचता येईना. नुसतं छापायचं असतं तर जुना फॉन्ट कुठून तरी मिळवून भागवलं असतं. गुरुजींना मात्र या वेळी पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची हवी होती, आणि पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या नातीला फोनवर वाचता येतील अशा ओव्या हव्या होत्या.

ज्यांनी छापखान्यात काम केलं नाही त्यांना हे सांगायला हवं. त्या काळच्या फॉन्टमध्ये सगळी मिळून २५६ घरं, म्हणजे अक्षरांच्या जागा, असायची आणि त्यांत मुळात रोमन अक्षरं राहायची. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच घरांत आपला क, आपला अर्धा स, वेलांटी, रफार बसवले. दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी तिथे अजून रोमन अक्षरच. शिवाय घरांची वाटणी ज्याची त्याची वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी केलेल्या सामायिक घरवाटणीत, देवनागरीला स्वतःची १२८ घरं १९९१ सालीच मिळाली होती, पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या छापखान्यापर्यंत ती पोचायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. तोवर आम्ही हजारो पानं त्या जुन्या घरांत टाइप करून बसलो होतो. ग्रामपंचायतींचे अहवाल, वाचनालयांच्या स्मरणिका, कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र. सगळं कपाटातल्या सीड्यांवर.

फॉन्ट बदलून देणारी दोन-तीन साधनं मी वापरून पाहिली. गुरुजींच्या प्रस्तावनेतल्या ‘परिस्थिती’चं त्यांनी ‘परिसि्थती’ केलं. चौदाशे ओव्या, आणि प्रत्येक पानावर अशी दहा-बारा मोडकी हाडं. हातानं पुन्हा टाइप करायचं म्हटलं तर पावती पुस्तकं आणि लग्नपत्रिकांच्या हंगामात वेळ कुठला?

त्या वर्षी मी एकेचाळीस वर्षांची होते. बी.ए. मराठी. प्रोग्रॅमिंग शिकायचा प्रयत्न एकदा करून झाला होता, एका क्लासमध्ये. तिथे तिसऱ्या दिवशी मी विचारलं होतं की मोजणी शून्यापासून का सुरू करायची. सर म्हणाले, “ते तसंच असतं, पाठ करा,” आणि मागच्या बाकावरची पोरं हसली. मी पुढे कधी काही विचारलं नाही. महिन्याभरात जाणंही थांबलं. आता वाटतं, प्रश्न तोंडातच गिळून टाकायचं वळण मला त्या क्लासनं लावलं नव्हतं. ते फार आधीपासून होतं, शाळेपासून. ‘येत नाही’ असं चारचौघांत म्हणणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं, असं आम्ही बहुतेक जण मनात धरूनच वाढलो.

माझा भाचा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत आला तेव्हा त्याला ती फाइल दाखवली. तो म्हणाला, “मामी, हे तू स्वतः करू शकतेस. उन्हाळ्यात एक वर्ग असतो, ऑनलाइन, फुकट. पण तिथे आवाज नाही, चित्र नाही. सगळं टाइप करून.”

टाइप करून! ते तर मी वीस वर्षं करत होते.

तो वर्ग दुर्गापूर लिनक्स युजर्स ग्रुपचा होता. दुर्गापूर म्हणजे पश्चिम बंगालमधलं पोलादाच्या कारखान्याचं गाव. तिथल्या कुशल दास यांनी हा गट उभा केला आणि २००८ पासून दर उन्हाळ्यात मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं सॉफ्टवेअर, शिकवणारा हा वर्ग सुरू केला. पुढे ते पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ज्या मोजक्या लोकांच्या हाती आहे त्यांच्यापैकी एक झाले. बरीच वर्षं नोकरीनिमित्त पुण्यातही होते. वर्ग भरायचा तो आयआरसीवर. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली तयार केलेली ही गप्पांची सोय. एक काळा पडदा, त्यावर ओळीखाली ओळ उमटत जाते, बास. आमच्याकडे संध्याकाळी लाइटचा आणि नेटचा काही भरवसा नसे. व्हिडिओ असता तर मी पहिल्याच आठवड्यात गळाले असते. अक्षरं मात्र मोबाइलच्या रडक्या नेटवरूनही येत राहायची.

पहिल्या दिवशी हजेरी झाली. ज्यानं त्यानं आपलं नाव टाइप करायचं. मी माझं नाव लिहिलं आणि त्याच्या खाली-वर भराभर नावं उमटत गेली. कोण कुठला, कुणाचं वय काय, कोण बाई, कोण बुवा, काही कळत नव्हतं. मला त्याचं फार बरं वाटलं. बाजूच्या खोलीत कुकरची शिट्टी होत होती आणि ती कुणाला ऐकू जात नव्हती.

नियम थोडे होते, पण पक्के. शिकवणारा लिहीत असताना मध्ये बोलायचं नाही. प्रश्न असेल तर नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं. तो हात वर. आपली पाळी आली की नाव पुकारलं जातं, मग विचारायचं. कुणाला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायचं नाही, सगळे आपापल्या टोपणनावानं. इंग्रजी शब्द मेसेजमध्ये लिहितात तसे तोडून लिहायचे नाहीत, पूर्ण लिहायचे. लांबलचक एरर आली तर ती इथे ओतायची नाही, वेगळ्या पानावर चिकटवून दुवा द्यायचा. आणि ‘एक विचारू का?’ असं विचारायचं नाही, सरळ विचारायचं.

‘सर’ न म्हणणं मला जड गेलं. आपल्याकडे वयानं धाकट्या माणसालाही कामाच्या जागी अहो-जाहो करतो, आणि इथे तर शिकवणाऱ्याला नुसत्या नावानं हाक मारायची. दोन-तीनदा सवयीनं ‘सर’ गेलंच. दर वेळी कुणी तरी शांतपणे लिहायचं, ‘इथे कुणी सर नाही.’ चौथ्या वेळी मला त्यातली गंमत कळली. ‘सर’ म्हटलं की मी आपोआप खालच्या पायरीवर जाऊन बसत होते आणि तिथून प्रश्न नीट दिसत नव्हता.

पहिले कितीतरी दिवस आम्ही एक ओळही कोड लिहिला नाही. बोलायचं कसं, पत्र कसं लिहायचं, प्रश्न कसा मांडायचा, हेच चाललं होतं. मग मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास, म्हणजे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी केलेली ग्नू या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा, १९९१चं लिनक्स, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं २००५चं गिट. वर्गातली काही तरुण मुलं कंटाळून गेली असावीत, हजेरीतली नावं कमी होत होती. मला मात्र ते प्रश्न मांडायचं शिक्षण सगळ्यांत मोलाचं वाटलं, आजही वाटतं. काय करायचं होतं, त्यासाठी नेमकं काय केलं, काय होईल असं वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. हे चार भाग आले नाहीत तर समोरचा माणूस अंधारात चाचपडतो. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, म्हणून मी प्रत्येक प्रश्न आधी वहीत मराठीत लिहायची, चारही भाग, आणि मग इंग्रजीत उतरवायची. निम्मे प्रश्न वहीतच सुटायचे. दुसरा भाग लिहिताना, ‘नेमकं काय केलं’ हे मांडताना, चूक आपण होऊन समोर यायची.

उरलेले निम्मे मात्र विचारावे लागत. आणि ते उद्गारचिन्ह टाइप करायला मला सतरा दिवस लागले. वहीत तारखा आहेत. सतराव्या दिवशी अक्षरमालेवर धडा होता, पायथॉनमध्ये ज्याला स्ट्रिंग म्हणतात त्यावर. शब्दाची लांबी विचारायची असते. मी माझ्या संगणकावर ‘स्थिती’ लिहून लांबी विचारली. उत्तर आलं, ६. मी पुन्हा मोजलं. स्थि आणि ती. दोन. कुठल्याही मराठी शाळेत पहिलीतलं पोर दोनच सांगेल.

मी उद्गारचिन्ह टाइप केलं. हात गार पडले होते. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी वहीतला प्रश्न उतरवला. क्षणभर पडद्यावर काहीच आलं नाही. तो क्षण मला त्या क्लासच्या मागच्या बाकाकडे घेऊन गेला.

मग शिकवणाऱ्यानं लिहिलं की प्रश्न चांगला आहे, सगळ्यांनी आपापल्या भाषेतला एकेक शब्द घेऊन हेच करून बघा. पुढची दहा मिनिटं पडद्यावर बंगाली, तमिळ, मल्याळम, हिंदी शब्द उमटत होते आणि प्रत्येकाची लांबी ‘चुकत’ होती. कुणी तरी चार ओळींचा कोड दिला, शब्दातल्या एकेका घराचं युनिकोडमधलं नाव छापणारा. मी तो ‘स्थिती’वर चालवला. स. मग विराम नावाचं एक चिन्ह. मग थ. मग ऱ्हस्व इकाराची खूण. मग त. मग दीर्घ ईकाराची खूण. सहा.

विराम म्हणजे आमचा पाय मोडका! शाळेत ‘पाय मोडका स’ म्हणायचो, तो मोडका पाय संगणक स्वतंत्र अक्षर म्हणून मोजत होता. आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला तो इकारामुळे. पडद्यावर वेलांटी स्थ च्या आधी दिसते, पण इथल्या यादीत ती थ च्या नंतर होती. जुने फॉन्ट डोळ्यांना दिसेल त्या क्रमानं साठवत होते. युनिकोड कानांना ऐकू येईल त्या क्रमानं साठवतं. गुरुजींच्या चौदाशे ओव्या मला डोळ्यांच्या क्रमातून कानांच्या क्रमात न्यायच्या होत्या. जात्यावरच्या ओव्या, ज्या मुळात कानांनीच आल्या होत्या.

त्या रात्री मला झोप आली नाही.

पावसाळ्यात मी कोड लिहायला लागले. कुशल दास यांचंच जालावर मोफत मिळणारं पायथॉनचं पुस्तक उघडून ठेवायचं, दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दोन तास. जुन्या घरातून नव्या घरात नेणारी यादी तयार करायला तीन आठवडे गेले. छापील पुस्तकाचं पान एका बाजूला, फाइल दुसऱ्या बाजूला, एकेक खूण ओळखत. मग वेलांटी उचलून पुढच्या अक्षरानंतर ठेवायचा नियम लिहिला. चालवला. ‘परिसि्थती’. मी ज्या साधनांवर वैतागले होते त्यांचीच चूक मी हातानं केली होती.

याचं उत्तर मला दादांनी दिलं. दादा म्हणजे माझे सासरे, तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे. सगळी उमेद शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली. पायानं चालवायचं ट्रेडल यंत्र होतं तेव्हापासून. मी संगणकासमोर डोकं धरून बसलेली बघून त्यांनी विचारलं, काय अडलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “वेलांटी मोडक्या पायाच्या अक्षरावर उभी राहत नाही. ती आख्खं अक्षर सापडेस्तोवर पुढं जाते.” आणि बोटांनी हवेतच स्टिकमध्ये, खिळे जुळवायच्या पट्टीत, खिळे लावल्यासारखं करून दाखवलं. वेलांटी, अर्धा स, थ.

नियम तोच होता. अक्षर ओलांड, पुढे मोडका पाय असेल तर तोही ओलांड आणि त्याच्या पुढचं अक्षरही, पुन्हा बघ. चार ओळींचा कोड झाला. ‘परिस्थिती’ सरळ झाली.

मग मी सगळं गिटवर मांडलं आणि चॅनेलवर, म्हणजे वर्ग भरायचा त्या आयआरसीच्या खोलीत, लिहिलं की कुणाला वेळ असेल तर बघावं. हे करताना पोटात गोळा आला होता. आपलं अर्धवट काम गावासमोर ठेवणं ही छापखान्यातल्या माणसाला न पटणारी गोष्ट. आम्ही प्रूफ तपासल्याशिवाय पान बाहेर जाऊ देत नाही. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. असं होतं, सगळे आपापल्या नोकऱ्या, परीक्षा सांभाळून येणारे. तिसऱ्या दिवशी एकदम अकरा टिप्पण्या.

‘वा, छान’ अशी एकही नव्हती. ‘इथे तीन का?’ ‘फाइल रिकामी असली तर काय होतं?’ ‘हा भाग दोनदा लिहिलाय, एकदाच लिहिता येईल का?’ ‘ही ओळ काय करते ते मला कळलं नाही, समजावून सांगशील?’ पहिल्यांदा वाचताना मला चिरफाड केल्यासारखं वाटलं. मी संगणक बंद करून स्वयंपाकाला लागले. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की त्या माणसानं माझी प्रत्येक ओळ वाचली होती. अगदी प्रत्येक. माझ्या कुठल्याही लेखनाला, बी.ए.च्या उत्तरपत्रिकेलासुद्धा, इतका वेळ कुणी दिला नव्हता. जिथे मी ‘तीन’ लिहिलं होतं तिथे मला खरंच सांगता येईना की तीन का. ते उत्तर शोधायला मला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या दोन महिन्यांत शिकले नव्हते.

सगळंच असं गोड नव्हतं. एकदा कुणी तरी माझ्या प्रश्नाला ‘आधी शोधून तरी बघायचंस’ असं खाडकन उत्तर दिलं. मी गप्प झाले, तो जुना मागचा बाक लगेच हजर. पण दोन मिनिटांत जुन्या सभासदांपैकी एकानं त्या मुलाला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तिनं काय शोधलं ते प्रश्नात लिहिलंय, तू वाचलंस का?’ तो मुलगा म्हणाला, वाचलं नव्हतं, चुकलं. विषय संपला. माणसं चुकतात, तिथेही चुकायची. पण बघणारं कुणी तरी जागं असायचं. ज्या गटात असं कुणी नसतं तिथे नवा माणूस निमूटपणे निघून जातो आणि तो गेला हेही कुणाला कळत नाही. मी त्या क्लासमधून गेले तेव्हा कुणाला कळलं होतं?

त्या अकरा टिप्पण्यांमधली एक नावांविषयी होती. मी कोडमध्ये नावं देवनागरीत दिली होती, ‘वेलांटी’, ‘रफार’, ‘मोडका_पाय’. पायथॉनची तिसरी आवृत्ती हे चालवून घेते, आणि मला ते चालतंय हे बघून केवढा आनंद झाला होता! टिप्पणी करणाऱ्यानं लिहिलं होतं, ‘पायथॉनला चालेल, पण मला हे वाचता येत नाही, आणि मला मदत करायची आहे.’ मी दोन दिवस त्यावर विचार केला. शेवटी शब्द तेच ठेवले, लिपी रोमन केली, आणि प्रत्येकापुढे ही खूण काय करते ते एका ओळीत लिहिलं. म्हणून आजही त्या कोडमध्ये वेलांटीला वेलांटी आणि रफाराला रफारच म्हणतात. वाचणारे बंगाली, तमिळ, कुणीही असोत.

ती टिप्पणी करणारा मुलगा केरळचा होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला माझी अडचण सांगावी लागली नाही, कारण मल्याळममध्येही काही स्वरचिन्हं अक्षराच्या डावीकडे दिसतात आणि नंतर साठवली जातात. त्यांच्याकडेही वर्तमानपत्रांचे, छापखान्यांचे असेच जुने फॉन्ट होते. त्यानं मला स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग या गटाचं ‘पय्यन्स’ नावाचं साधन दाखवलं. तेही पायथॉनमध्ये लिहिलेलं, आणि तेही हेच काम करणारं, जुन्या फॉन्टमधलं मल्याळम युनिकोडमध्ये आणण्याचं. त्यात प्रत्येक फॉन्टची घरांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली होती आणि नियम वेगळीकडे. मी सगळं एकत्र कालवलं होतं. त्यांचं बघून मी यादी बाहेर काढली. त्यामुळे पुढे जालन्यातल्या एका छापखानेवाल्यानं कोडला हात न लावता नुसती त्याच्या फॉन्टची यादी भरून ते वापरलं. कोडच्या खाली कुणीही वापरा, बदला, वाटा असा परवाना होता. मल्याळी माणसांनी आपलं झाकून ठेवलं नाही, मी ठेवायचं काही कारण नव्हतं.

रफारानं मात्र घाम काढला. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये तो र आणि मोडका पाय होऊन आधी यायला हवा. माझा रफार एकच घर मागे सरकायचा. ‘सूर्य’ जमला, ‘कर्म’ जमलं. ‘मर्त्यलोक’ मोडला, कारण तिथे त्य हे आख्खं जोडाक्षर ओलांडायचं होतं. आणि प्रस्तावनेतल्या ‘आर्थिक’मध्ये तो थ आणि त्याच्या वेलांटीच्या मध्ये जाऊन बसला. हे दोन शब्द सोडवायला अख्खा भाद्रपद गेला. चॅनेलवर मी ‘आर्थिक’ हा शब्द इतक्यांदा चिकटवला की बंगालमधली एक मुलगी गणपतीत मला शुभेच्छा देताना म्हणाली, तुझ्या आर्थिकचं काय झालं?

वाऱ्यावरच्या ऱ्याचीही एक वेगळीच कथा. ‘वाऱ्यावर’, ‘तुऱ्याचा’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि मोडका पाय. दुसरा, साधा र, मोडका पाय आणि त्याच्या पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. शब्दसूची काढली तर ‘वाऱ्यावर’ दोनदा आला. हे चॅनेलवर समजावताना मी आपलं नेहमीचं उदाहरण दिलं: आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी, दोन्ही र वेगळे, अर्थ वेगळे. कुणी तरी लिहिलं की या एका वळणासाठी एवढी काळजी घेणारी भाषा आवडली. मला भरून आलं. शाळेत ज्यावर लाल रेघा मिळायच्या ते आज कुणाला तरी, तमिळनाडूत की आसामात कोण जाणे, सुंदर वाटत होतं.

२०१९च्या संक्रांतीनंतर चौदाशे ओव्या फिरून आल्या. पण मी धजत नव्हते. एका चुकीच्या वेलांटीनं ओवीचा अर्थ बदलतो, आणि त्या बायका आता दुरुस्त करायला नाहीत. केरळच्या मुलानं सुचवलं की तपासणीची यादी करू. अवघड शब्द निवडायचे, प्रत्येकाचं जुनं रूप आणि अपेक्षित नवं रूप लिहून ठेवायचं, कोडमध्ये काहीही बदललं की संगणक आधी ती सगळी यादी तपासून बघेल. मी शब्द निवडले, पुस्तकाची पानं स्कॅन करून ठेवली आणि मार्चअखेरच्या कामांच्या गर्दीत बुडाले. यादी त्यानं करायला घेतली.

एका संध्याकाळी वर्ग नव्हता, चॅनेल शांत होतं, आणि त्याचं उद्गारचिन्ह आलं. वर्ग नसताना हात वर करायची गरज नसते, तरी त्यानं केला. मी लिहिलं, बोल.

त्याचा प्रश्न चार भागांत होता. त्यानं लिहिलं होतं: मला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी पुस्तकाचं स्कॅन आणि आपल्या प्रोग्रॅमचं उत्तर शेजारी शेजारी मोठं करून आकार जुळवत होतो. एक शब्द तीन ठिकाणी आला आहे. दोन ठिकाणी रफार तिसऱ्या अक्षरावर आहे. एका ठिकाणी, पान एकसष्ट, रफार दुसऱ्या अक्षरावर आहे. प्रोग्रॅमचं उत्तर तिन्ही ठिकाणी पुस्तकाबरहुकूम आहे. हा वेगळा शब्द आहे, की पुस्तकात काही झालंय? खाली तिन्ही चित्रं जोडली होती.

मी चित्रं उघडली. ‘आशीर्वाद’. ‘आशीर्वाद’. ‘आर्शीवाद’.

कपाटातून पुस्तकाची छापखान्याची प्रत काढली आणि पान एकसष्ट उघडून दादांसमोर धरलं. प्रूफं त्यांनीच वाचली होती, तीनदा. त्यांनी चष्मा पुसला, भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“कोण म्हणालीस हा मुलगा?”

“केरळचा आहे, दादा.”

“मराठी शिकलाय?”

“नाही. वाचता येत नाही त्याला.”

दादा पुन्हा भिंगाकडे वळले. मग त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, शी वरच्या रफारावर काट मारली, आणि थरथरत्या हातानं समासात, वीस वर्षांपूर्वी करायचे तशी, वा च्या ओळीला रफाराची खूण केली.